गोठ्याच्या सांडपाण्यासाठी कर्दळीचा वाफा: उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गोठा धुतलेले पाणी खडीच्या वाफ्यातून नेऊन कर्दळ आणि पाणकणीस यांच्या मुळांशी मुरवत स्वच्छ करण्याची पद्धत चांगली आहे आणि मी ती पुन्हा निवडेन. परंतु वाफ्याच्या शेवटच्या टोकाला पाण्याची पातळी वरखाली करता येईल असा फिरता बेंड (पाइपाचा वाकडा जोड) बसवलेला नसेल, तर ठेकेदाराला शेवटचा हप्ता देऊ नये, हे मला सर्वांत आधी सांगायचे आहे.

आमचा गोठा शिरोळ तालुक्यात आहे, लहानमोठी धरून चौदा होल्स्टिन गायी आहेत आणि जागा २०१९ व २०२१ च्या पूररेषेच्या वर आहे. शेण कोरडेच उचलतो. उरलेले मूत्र, दुधाच्या भांड्यांचे पाणी आणि फरशी धुतलेले पाणी मिळून रोजचे सुमारे सातशे लिटर होते. पूर्वी ते चरातून ओढ्याला आणि पुढे पंचगंगेला जात असे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि चराच्या कडेलाच भावकीची विहीर आहे, म्हणून हा खर्च टाळण्यासारखा नव्हता. शिवाय केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये डेअरी फार्म आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यापासून सांडपाण्याचा प्रश्न कधीतरी आपल्या दाराशी येणार, हे दिसतच होते.

वाफा चाळीस फूट लांब, दहा फूट रुंद आणि दोन फूट खोल असून खाली जाड प्लास्टिक कागद आणि वर काळ्या दगडाची खडी आहे. खडीतील पोकळी साधारण चाळीस टक्के धरली, तर पाणी आत बारा दिवसांच्या आसपास थांबते. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेले फायटोरिड तंत्रही वनस्पती आणि खडी यांच्यावरच उभे आहे. मात्र माझा वाफा फायटोरिड नव्हे, तो एका स्थानिक ठेकेदाराने आपल्या अंदाजाने बांधलेला आहे, आणि पुढील तक्रार त्याच्या बांधणीबद्दल आहे.

पहिल्या महिन्यात कर्दळीची पाने कडेने पिवळी पडून जळू लागली, तेव्हा गोमूत्र मिसळलेल्या पाण्याला ही झाडे टिकत नाहीत असे माझे मत झाले होते. ते मत आता राहिलेले नाही. मूत्रातील युरियाचा अमोनिया होतो आणि तो फार झाला की कोवळ्या मुळांना सोसत नाही. भांडी धुतलेले पाणी वाफ्याच्या आधीच्या टाकीतच मिसळून प्रवाह पातळ केल्यावर नवे कोंब हिरवे आले. पाणकणीस तर पहिल्यापासून कणखर निघाले. त्याच्या पानांत आणि खोडात हवेच्या पोकळ्या असतात आणि त्यांतून थोडा ऑक्सिजन मुळांपर्यंत उतरतो, त्यामुळे मुळांभोवतीचे जिवाणू जगतात. घाण खाण्याचे मुख्य काम हे जिवाणूच करतात, झाडे त्यांना आसरा देतात, ही गोष्ट विकणारा कधीच सांगत नाही, म्हणून ग्राहक झाडांकडे बघत राहतो आणि खडीकडे त्याचे लक्ष जात नाही.

जुलैत पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा वाफ्याच्या प्रवेशाकडील भागात काळे पाणी खडीच्या वर आले, दुर्गंधी सुटली आणि दोन दिवसांत डास झाले. या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदाच असा की पाणी खडीच्या पृष्ठभागाखाली दोन-तीन इंच राहते आणि डासांना अंडी घालायला जागा मिळत नाही. तो फायदाच नाहीसा झाला. कारण तपासले तेव्हा दोन गोष्टी सापडल्या. खडी क्रशरवरून न धुता आणलेली होती, त्यामुळे तिच्यातील कच प्रवेशाकडे बसून शेणाच्या गाळाबरोबर घट्ट झाली होती. दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती: बाहेर जाणारा पाइप खडीच्या अगदी वरच्या पातळीला सिमेंटने पक्का बसवलेला होता, म्हणजे पाणी खाली उतरवण्याची कोणतीही सोय नव्हती.

ठेकेदाराला फोन केला. प्रथम त्याने पावसाला दोष दिला, नंतर आमच्या गायींच्या शेणाला, आणि शेवटी पाइप बदलण्यासाठी काही हजारांचे वेगळे अंदाजपत्रक पाठवले. मी ते नाकारले. एसडब्ल्यूआर, म्हणजे सांडपाण्याच्या पीव्हीसी पाइपचा रबर रिंगचा बेंड आमच्याकडे शंभर-दीडशे रुपयांत मिळतो. जुना पाइप कापून नवा जोड तळाजवळ काढला, बेंड बसवला आणि त्यावर दोन फुटांचा उभा तुकडा लावला. जोडाला सॉल्व्हंट (पाइप चिकटवण्याचा द्रव) लावायचे नाही. रबर रिंगमुळे तो गळत नाही आणि हाताने फिरवता येतो. तुकडा उभा ठेवला की वाफा भरतो, आडवा केला की पाणी उतरते.

या एका बेंडाने जे बदलले ते सविस्तर सांगणे भाग आहे. जोराच्या पावसाआधी तुकडा खाली केला की वाफ्यात जागा होते आणि पाणी वर येत नाही. तण माजले की पातळी काही दिवस खडीच्या वर नेऊन ते बुडवता येते. कोरड्या दिवसांत पातळी हळूहळू उतरवली की मुळे पाण्याच्या मागे खोल जातात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अमोनियाचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो, जो सतत भरलेल्या वाफ्यात अपुरा पडतो. अधूनमधून वाफा रिकामा केल्याने खडीत हवा शिरते. आमच्या तपासणीत सेंद्रिय घाण लवकर घटली होती, पण अमोनिया त्या मानाने फार कमी उतरला होता; पातळी खालीवर करू लागल्यापासून बाहेरच्या पाण्याचा उग्र वास जवळजवळ गेला आहे. इतका उपयोग असलेली वस्तू मूळ बांधणीत न बसवणे हा मला ग्राहकावर झालेला अन्याय वाटतो.

जलपर्णीबद्दलही लिहितो, कारण पंचगंगेत ती फुकट मिळते आणि अनेकांचा तोच आग्रह असतो. उन्हाळ्यात वाफ्यानंतरच्या शेवटच्या सिमेंटच्या टाकीत ती टाकली होती. पाणी निवळले आणि सुरुवातीला मला तीच सर्वांत स्वस्त वाटली. परंतु पोषण मिळाले की ती दोन आठवड्यांत दुप्पट होते, तिच्या वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, आणि ती उपसण्याची मजुरी वाफ्याच्या देखभालीपेक्षा जड जाते. पावसाळ्यात टाकी भरून वाहिली, तर ती आपल्याच हाताने ओढ्यात सोडल्यासारखे होईल, म्हणून मे महिन्यातच सर्व काढून वाळवली. तिथे आता गप्पी मासे आणि थोडे डकवीड (पाण्यावर तरंगणारी बारीक पानांची वनस्पती) आहे. डकवीडमध्ये प्रथिने भरपूर असतात हे खरे असले, तरी सांडपाण्यावर वाढलेले ते दुभत्या जनावरांना घालत नाही. ते गांडूळखताच्या बेडवर जाते.

कर्दळीची कापणीही टाळता येत नाही. झाडाने उचललेला नायट्रोजन त्याच्या अंगातच असतो. पाने वाफ्यातच कुजू दिली, तर तो परत पाण्यात उतरतो. आम्ही एक तृतीयांश भाग आळीपाळीने कापतो, म्हणजे वाफा उघडा पडत नाही. बाहेर पडणारे पाणी हत्तीगवताला जाते आणि त्या गवतावर या वर्षी युरिया टाकावा लागला नाही. घातलेला पैसा मला तिथून परत येताना दिसतो.

नवीन बांधणाऱ्यांनी कोटेशनमध्ये धुतलेली खडी, दोन कप्प्यांची गाळ बसण्याची टाकी आणि फिरता बेंड या गोष्टी लेखी मागाव्यात. प्रवेशाकडील पहिली तीन-चार फूट खडी ही काही वर्षांनी काढून धुवावी लागणारच, तेव्हा तेवढ्या भागात मोठा दगड घालून घ्यावा, म्हणजे तो हाताने उचलता येतो. आमच्याकडे हे काम येत्या उन्हाळ्यात करायचे आहे. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता मी तोपर्यंत रोखून धरला आहे.