कूलंट तापमानाचा कोड पुन्हा पुन्हा येत असेल तर: सेन्सर, थर्मोस्टॅट की वायरिंग?

चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनर लावून कोड पुसला की काही दिवस शांतता असते, आणि मग तोच दिवा पुन्हा डोळे वटारतो. अशा गाडीच्या मालकापुढे साधारणपणे तीन मार्ग असतात: कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, तापमानाचा सेन्सर बदलणे, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाण्यापासून रोखणारी झडप) बदलणे, किंवा कोणताही भाग न बदलता आधी कपलर (सेन्सरला तारा जोडणारा प्लग) आणि वायरिंग तपासणे. सेन्सर स्वस्त असतो आणि सहसा चटकन हाताला लागतो, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करण्याकडे कल असतो. मला हा क्रम पटत नाही. तिन्ही दोषांत दिवा एकच लागत असला तरी मोजमापांत ते अगदी वेगळे दिसतात.

पहिला फरक कोडमध्येच असतो. पी०११७ आणि पी०११८ हे सर्किटचे कोड आहेत. पहिल्यात सेन्सरच्या तारेवरील व्होल्टेज मर्यादेपेक्षा कमी असते, तर दुसऱ्यात जास्त. पी०११९ म्हणजे संकेत मधूनमधून तुटतो आहे. पी०१२८ ची जातकुळी निराळी आहे: सेन्सर बोलतो आहे, परंतु अपेक्षित वेळेत इंजिन पुरेसे तापलेले नाही, अशी ईसीयूची, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाची, तक्रार असते. त्यामुळे पी०१२८ आल्यावर सेन्सर बदलणे म्हणजे बहुधा निरोप्यालाच शिक्षा देणे होय. कोड पुसण्यापूर्वी फ्रीज फ्रेममधील (कोड आला त्या क्षणाच्या साठवलेल्या नोंदीतील) तापमान, वेग आणि इंजिन सुरू होऊन झालेला वेळ लिहून ठेवावा, कारण पुसल्यावर ही नोंदही जाते.

सेन्सर दोषी आहे का, हे रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर सर्वांत चांगले कळते. सकाळी इंजिन सुरू न करता केवळ इग्निशन चालू करून स्कॅनरवर कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहावे. दोन्ही आकड्यांत दोन-चार अंशांपेक्षा फारसा फरक नसावा. हवा २४ अंश आणि कूलंट ४१ अंश असे दिसले, तर सेन्सर किंवा त्याचे सर्किट खोटे बोलते आहे. या सेन्सरचा रोध तापमान वाढेल तसा घटतो. अनेक गाड्यांत तो २० अंशांना सुमारे अडीच किलोओहम आणि ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास असतो. नेमके आकडे आपल्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतूनच घ्यावेत.

सेन्सर आणि वायरिंग यांत निवड करायची असेल, तर कपलर काढून पाहण्याइतकी सोपी परीक्षा दुसरी नाही. दोन पिनांच्या सेन्सरचा कपलर काढला की स्कॅनरवरचा आकडा उणे ४० अंशांपर्यंत खाली जायला हवा, आणि कपलरमधील दोन्ही टोके तारेच्या तुकड्याने जोडली की तो १३० अंशांच्या वर जायला हवा. दोन्ही घडले तर तारा आणि ईसीयू ठीक आहेत व संशय सेन्सरवर येतो. न घडले तर नवा सेन्सर बसवूनही कोड परत येईल. काही ईसीयू दोष ओळखताच मनाने एक ठरावीक आकडा दाखवू लागतात, हे मात्र लक्षात असू द्यावे. शिवाय कपलर काढताच रेडिएटरचा फॅन अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून हात आणि बाह्या दूर ठेवाव्यात.

मधूनमधून येणारा दोष याहून चिवट असतो. माझ्या स्वतःच्या गाडीत दोनदा सेन्सर बदलला गेला आणि तिसऱ्यांदा कोड आल्यावर मी कपलर उजेडात धरून पाहिला: एका पिनेच्या बुडाशी हिरवट बुरशीसारखा गंज होता आणि तिची पकड इतकी सैल झाली होती की तार बोटाने हलवताच स्कॅनरवरचा आकडा ८८ वरून उणे ४० वर जाई. खरे कूलंट क्षणात सव्वाशे अंश थंड होऊ शकत नाही. आलेखात असा कडा दिसला की थर्मोस्टॅटचा विचार सोडून द्यावा.

थर्मोस्टॅटच्या दोषात आकडा उडी मारत नाही, तर रेंगाळतो. चांगल्या स्थितीतील इंजिन बहुतेक गाड्यांत ८५ ते ९५ अंशांवर स्थिरावते. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर मोकळ्या रस्त्यावर तापमान ६५-७० पर्यंत उतरते आणि गाडी थांबली की पुन्हा चढते, हीटर कोमट राहतो आणि इंधन जास्त लागते. थंड इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरचा वरचा होज पाइप बराच वेळ थंड राहून मग एकदम गरम व्हायला हवा; तो पहिल्यापासूनच इंजिनाबरोबर तापत गेला तर थर्मोस्टॅट मिटत नाही. ज्या गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपकडे असतो, तिथे ही परीक्षा फसवी ठरते. डॅशबोर्डच्या काट्यावरही विसंबू नये, कारण अनेक गाड्यांत तो बऱ्याच अंशांच्या पट्ट्यात मुद्दाम मध्यभागी रोखलेला असतो.

या तिघांनाही नाहक बदनाम करणारी गोष्ट म्हणजे कमी झालेले कूलंट किंवा अडकलेली हवा. सेन्सरचे टोक द्रवाऐवजी वाफेत राहिले की आकडा वरखाली भटकतो. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना पातळी पाहणे हे सर्वांत पहिले काम. इंजिन गरम असताना रेडिएटरचे किंवा कूलंटच्या टाकीचे झाकण कधीही उघडू नये. पातळी वारंवार घटत असेल तर बाहेरची गळती शोधावी लागेल किंवा हेड गॅस्केट (इंजिनाच्या ब्लॉक आणि हेडमधील सील) तपासावे लागेल, आणि तापमान खरोखरच वाढत असेल तर तपासणी बाजूला ठेवून आधी इंजिन बंद करावे.

मी निर्णय घेताना पातळी, सकाळचे तापमान, कपलर आणि मग प्रवासातील आलेख असा क्रम ठेवतो; पी०१२८ असेल आणि पातळी व सकाळचा आकडा बरोबर असतील, तर थेट थर्मोस्टॅट बदलतो. त्यानंतर कूलंटमध्ये अडकलेली हवा नीट काढावी लागते. दुरुस्ती लागू पडली की नाही, हे लगेच ठरवू नये: पी०१२८ ची चाचणी ईसीयू थंड इंजिन सुरू झाल्यावरच घेतो, म्हणून किमान तीन-चार सकाळी गाडी पूर्ण तापेपर्यंत चालवून मगच प्रकरण मिटले असे धरावे.