पेरोलवर की कन्सल्टंट म्हणून? कंत्राटी कामात खर्चाची वजावट कुठे, किती

अकरा महिन्यांच्या कंत्राटावर घेताना एजन्सी हमखास विचारते, "पेरोलवर येणार की कन्सल्टंट म्हणून?" बहुतेक जण महिन्याला हातात किती पडतात तेवढं बघून होकार देतात. पण लॅपटॉप, इंटरनेट, साइटवर जायचं पेट्रोल असा खर्च खिशातून होणार असेल, तर तो करात कुठे धरला जातो हेही बघा. खालचे आकडे आर्थिक वर्ष 2025-26 चे, नव्या करप्रणालीतले आहेत.

पेरोलवर आलात की तुम्ही पगारदार. पीएफ कापला जातो, फॉर्म 16 मिळतो आणि कामाच्या खर्चाची बिलं दाखवून वजावट मागता येत नाही. त्याऐवजी सरसकट 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. खर्च शून्य असला तरी तेवढीच, दीड लाख झाला तरी तेवढीच. एक वाट उरते: कामानिमित्त फिरण्याचा भत्ता पगारात वेगळा दाखवला असेल, तर त्यातली प्रत्यक्ष खर्च झालेली रक्कम करमुक्त राहते. घर ते ऑफिस प्रवास मात्र त्यात बसत नाही. म्हणून ऑफर लेटरवर सही करण्याआधी पगाराची फोड मागून घ्या, नंतर कोणी बदलून देत नाही.

कन्सल्टंटला पगार नाही, फी मिळते. त्यातून टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापून भरलेला कर) कापला जातो, बहुधा 10 टक्के आणि तांत्रिक सेवा असेल तर 2. इथे प्राप्तिकर कायद्याचं कलम 44एडीए कामाला येतं. वर्षाची फी 50 लाखांच्या आत असेल (रोखीने 5 टक्क्यांहून जास्त घेतलं नसेल तर 75 लाखांच्या आत), तर निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची. उरलेली निम्मी खर्चापोटी धरली जाते, बिलं जपायची नाहीत, रिटर्नचा सोपा फॉर्म आयटीआर-4 पुरतो. पण ही सोय ठरावीक व्यवसायांनाच आहे: डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट, अकाउंटंट, तांत्रिक सल्लागार, आयटीवाले वगैरे. भाषांतरकार त्या यादीत नाहीत.

आता वर्षाला 18 लाखांवर हिशेब करू. पेरोलवर करपात्र उत्पन्न 17.25 लाख, कर सेससह 1,50,800. कन्सल्टंट असाल तर उत्पन्न 9 लाख. 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट (करात सूट) असल्याने कर शून्य. कापलेले 1,80,000 मात्र रिटर्न भरून रिफंड येईपर्यंत अडकतात. ज्याच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे त्याने ही गोष्ट हलक्यात घेऊ नये.

12 लाखांवर हाच हिशेब केला तर दोन्हीकडे कर शून्यच. पेरोलवाल्याला पीएफमध्ये मालकाचा वाटा आणि बहुधा भरपगारी रजाही मिळते. नुसत्या कराच्या आशेने या टप्प्यावर कन्सल्टंट होणं मला तरी आतबट्ट्याचा व्यवहार वाटतो.

तिसरा मार्ग प्रत्यक्ष खर्च दाखवण्याचा. ऑफिसचं भाडं, मदतनिसाचा पगार, कॉम्प्युटरवर 40 टक्के घसारा (वापराने घटणाऱ्या किमतीची वजावट), सगळं वजा होतं, फक्त खर्च निव्वळ कामासाठीच हवा. एका माणसाला एका दिवसात 10,000 रुपयांहून जास्त रोख दिलीत तर तो खर्च नामंजूर होतो. अडचण वेगळीच आहे. यादीतल्या व्यवसायात निम्म्याहून कमी उत्पन्न दाखवलं आणि एकूण उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेच्या (रिबेटच्या 12 लाखांच्या नव्हे) वर असलं, तर हिशेबवह्या आणि ऑडिट दोन्ही सक्तीचं. 18 लाखांच्या फीवर 44एडीएने कर आधीच शून्य होतो, तिथे ऑडिटची फी कशाला भरायची? फी 30 लाख आणि खरा खर्च 18 लाख असेल तर गोष्ट निराळी: 44एडीएने 1,09,200 कर बसतो, प्रत्यक्ष खर्च दाखवल्यास काही नाही. त्यातून सीएची फी वजा करून मगच ठरवा. एवढ्या फीवर जीएसटी नोंदणीही लागतेच, तिची मर्यादा 20 लाखांची आहे.

करारावर 'कन्सल्टंट' लिहिलं म्हणून भागत नाही. थंब मारून आत जायचं, रजा साहेबाकडून मंजूर करून घ्यायची, महिन्याला ठरलेली रक्कम आणि बाहेरचं काम घ्यायला बंदी, असा सगळा थाट नोकरीचा असेल तर प्राप्तिकर खातं त्या फीला पगार ठरवू शकतं. करार हातात आला की ही कलमं आधी वाचा. 1 एप्रिल 2026 पासून प्राप्तिकराचा नवा कायदा लागू होतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात, तेव्हा त्यानंतरच्या करारात '44एडीए' शोधत बसू नका.