गणित, अर्थशास्त्र आणि फायनान्स एकत्र शिकवणारी पदवी: २९ महिन्यांच्या वापरानंतर

आधी वापराचा तपशील. जून २०२३ मध्ये पुण्यातल्या एका स्वायत्त कॉलेजात प्रवेश घेतला, नवीन शैक्षणिक धोरणातली आमची पहिली बॅच. मेजर म्हणजे मुख्य विषय गणित, मायनर म्हणजे जोडविषय अर्थशास्त्र, आणि फायनान्स ओपन इलेक्टिव्हमधून, म्हणजे दुसऱ्या शाखेतल्या ऐच्छिक पेपरांतून, मिळेल तेवढं. पाचवं सेमिस्टर नुकतंच संपलं. घरी अजूनही 'पोरगी बीएस्सी करते' एवढंच सांगतात, कारण पूर्ण सांगायला गेलं की समोरचा माणूस जांभई देतो.

'एकत्र' हा शब्द माहितीपत्रकातला. प्रत्यक्षात गणित सायन्सच्या इमारतीत, अर्थशास्त्र आर्ट्सच्या आणि फायनान्स कॉमर्सच्या. कॉमर्सचे तास सकाळी सातला सुरू होतात, सायन्सची प्रॅक्टिकल्स संध्याकाळी पाचला संपतात, आणि मधे मी सॅक घेऊन आवारात येरझारा घालते. तिन्हीकडे पाहुणीच. आर्ट्समध्ये 'गणितवाली' म्हणतात, आणि कॉमर्समध्ये डेबिट-क्रेडिट चुकलं की सगळा वर्ग प्रेमाने हसतो.

भाषेचा गोंधळ तर पहिल्या महिन्यातच सुरू झाला. सायन्सच्या इमारतीत डेरिव्हेटिव्ह म्हणजे वक्राचा उतार. कॉमर्समध्ये डेरिव्हेटिव्ह म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्स, शेअर वगैरेंच्या पुढच्या तारखेच्या व्यवहाराचे करार. 'मार्जिन' अर्थशास्त्रात शेवटच्या नगाबद्दल बोलतं, फायनान्समध्ये ब्रोकरकडे ठेवायच्या रकमेबद्दल, आणि आमच्या गल्लीतल्या दुकानदाराकडे नफ्याबद्दल. त्यात मागणीचा वक्र. किमतीवरून मागणी ठरते असं शिकवायचं आणि किंमत मात्र उभ्या अक्षावर मांडायची! गणितात ज्यावर बाकीचं अवलंबून, ते आडव्या अक्षावर. सरांना विचारलं तर म्हणाले, मार्शलपासून अशीच चाल आहे. आल्फ्रेड मार्शलचं पुस्तक १८९० चं. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ कोणी अक्ष बदललेले नाहीत, तर माझ्यासाठी कोण बदलणार? मी वहीत आडवी मान करून वाचायला शिकले.

पण मग तिसऱ्या सेमिस्टरमध्ये पैसे वसूल झाले. मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलसमध्ये लाग्रांजची पद्धत होती, एखादी अट पाळून सर्वांत मोठी किंवा लहान किंमत शोधायची. त्यात अटीसाठी लॅम्डा नावाचा एक जादा अज्ञात घेतात. तिथे ती पाककृतीसारखी शिकवली: समीकरणं मांडा, लॅम्डा काढा, उत्तर आलं की लॅम्डा टाकून द्या. त्याच सुमारास आर्ट्समध्ये ग्राहकाचा समतोल सुरू होता. प्रत्येक वस्तूची सीमांत उपयोगिता, म्हणजे शेवटच्या नगाने मिळालेलं समाधान, भागिले तिची किंमत, हे गुणोत्तर सगळीकडे सारखं आलं की ग्राहक समतोलात. पाठ करून लिहीत होते. एका संध्याकाळी पीएमटीच्या बसमध्ये उभी असताना डोक्यात पडलं की ते सारखं येणारं गुणोत्तर म्हणजेच टाकून दिलेला लॅम्डा. खिशात एक रुपया जास्त असता तर समाधान किती वाढलं असतं, त्याचं माप. हे मला सायन्समध्ये कोणी सांगितलं नव्हतं आणि आर्ट्समध्येही नाही. दोघांनी आपापलं अर्ध बरोबर शिकवलं होतं. ही पदवी घेणाऱ्याने एवढं समजून घ्यावं की सांधायचं काम आपलं आहे आणि त्याला क्रेडिट नाही.

माझं आजोळ निफाड तालुक्यात, मामाचा कांदा लासलगावला जातो. चौथ्या सेमिस्टरला कोळिष्टक प्रतिमान आलं. शेतकरी गेल्या हंगामाचा भाव बघून लागवड करतो, सगळेच तसं करतात, माल एकदम येतो, भाव कोसळतो, पुढच्या वर्षी लागवड घटते, भाव चढतो. गणितात हे साधं फरक-समीकरण आहे, या हंगामाचा भाव गेल्या हंगामाच्या भावावरून काढायचा. किमतीला पुरवठा मागणीपेक्षा कमी प्रतिसाद देत असेल तर झोके विरत जातात, जास्त देत असेल तर वाढत जातात. कांदा महाग झाला म्हणून माणूस फार कमी खात नाही आणि स्वस्त झाला म्हणून वाट्याभर जास्त खात नाही, म्हणजे मागणीचा प्रतिसाद थोडा, आणि झोके वाढायची भीती जास्त. हे सगळं मी दिवाळीत मामाला फरशीवर खडूने काढून दाखवलं. त्याने शांतपणे बघितलं आणि म्हणाला, "बाई, यात निर्यातबंदी कुठंय?"

डिसेंबर २०२३ मध्ये बंदी आली तेव्हा त्याचा माल काढणीला होता, आणि ती उठली मे २०२४ मध्ये. माझ्या समीकरणात दिल्लीसाठी जागाच नव्हती. अर्थशास्त्राच्या पुस्तकातलं 'बाकी सर्व परिस्थिती कायम असताना' हे वाक्य तेव्हापासून मला जरा टोचतं. तरी खडूची आकृती चूक नव्हती. बंदीच्या आधीच्या वर्षांचे भाव मामाला तोंडपाठ होते आणि झोके त्यात दिसत होते. समीकरण कुठे थांबतं हे नक्की दिसलं, आणि ते गणिताच्या पेपरात कधीच दिसलं नसतं.

त्याच सुट्टीत दुसरा प्रसंग. मामाने पिकअप घेतली होती. पाच लाख कर्ज, तीन वर्षं, 'फक्त दहा टक्के'. हप्ता १८,०५६ रुपये. मी हिशेब केला तर दहा टक्के फ्लॅट होते. म्हणजे पाच लाखांवर तीन वर्षांचं दीड लाख व्याज आधीच जोडलं आणि ३६ ने भागलं. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण पाच लाखांवर. घटत्या शिल्लकीवर हा दर किती पडतो, ते सूत्राने सरळ सुटत नाही. अंदाज धरून सुधारत जावं लागतं, आणि तसं करायची न्यूटन-राफसन पद्धत आम्हाला त्याच वर्षी होती. कॅल्क्युलेटरवर तीन-चार फेऱ्यांत महिन्याला १.४९ टक्के आले. वर्षाला जवळपास १८. मामी म्हणाली, "हे आधी का नाही सांगितलंस?" आधी मला येत नव्हतं.

आता तक्रारी. रिअल अ‍ॅनालिसिस. त्यातल्या एप्सिलॉन-डेल्टाच्या काटेकोर सिद्धतांनी माझं दुसरं वर्ष खाल्लं. अर्थशास्त्राचा अभ्यास रात्री दोन तासांत उरकता येतो, अ‍ॅनालिसिसचं एक प्रमेय दोन दिवस घेतं, आणि परीक्षा मात्र एकाच आठवड्यात. माझे गुण त्यात जेमतेम पन्नाशीत राहिले. वेळेचे तीन समान वाटे होतील अशा भ्रमात राहू नका. गणित साठ टक्के घेतं, उरलेल्यात बाकीचे दोघे भांडतात.

फायनान्सचा पेपर मला सर्वांत उथळ वाटला. व्याख्या, सूत्र, उदाहरण, पुढे चला. अर्थतज्ज्ञ हॅरी मार्कोविट्झबद्दल एक किस्सा मात्र आवडला. १९५२ मध्ये त्याने पोर्टफोलिओवरचा, म्हणजे पैसे अनेक गुंतवणुकींत कसे वाटावेत यावरचा, लेख छापला, आणि पीएचडीच्या तोंडी परीक्षेत नामवंत अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनने हरकत घेतली की हे अर्थशास्त्रच नव्हे. पदवी मिळाली, आणि १९९० मध्ये त्याच कामाला अर्थशास्त्राचं नोबेल. तिन्ही इमारतींत पाहुण्यासारखं वावरणाऱ्या माणसाला हे वाचून बरं वाटतं.

हॉस्टेलवर माझ्याबद्दल गैरसमज आहे की मी शेअरच्या टिप्स देऊ शकते. रूममेट दुपारी मोबाइलवर ऑप्शन्स घ्यायची. तिला मी शेअर बाजाराची नियामक सेबी हिचा सप्टेंबर २०२४ चा अहवाल दाखवला. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात एफ अँड ओमध्ये, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये, उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, सरासरी तोटा दोन लाखांच्या आसपास. ती म्हणाली, "मग सात टक्के तरी जिंकले ना?" यावर कोणत्याच इमारतीत उत्तर नाही.

एक गोष्ट आधी कळायला हवी होती. बऱ्याच नव्या फोनच्या डब्यात चार्जर नसतो, तसं या पदवीच्या डब्यात स्टॅटिस्टिक्स नाही. मायनर एकच घेता येत असल्याने ते माझ्या हातून सुटलं. पुढे इकॉनोमेट्रिक्स (आकडेवारीवर तपासलेलं अर्थशास्त्र), अ‍ॅक्चुरियल परीक्षा (विम्यातल्या जोखमीच्या हिशेबाच्या), जोखमीचा कुठलाही हिशेब, सगळं त्यावरच उभं आहे. आता मी ते स्वतः करतेय, संभाव्यतेपासून. प्रवेश घेताना ओपन इलेक्टिव्हमध्ये मिळालं तर आधी तेच घ्या, 'पर्सनल फायनान्स' नंतर यूट्यूबवरही होतं.

बारावीला गणित आवडत होतं, फक्त गुण मिळत होते असं नाही, त्यांनीच यावं. नोकरीसाठी येणाऱ्यांना सांगते, कॅम्पसच्या पहिल्या मुलाखतीत मला लाग्रांज कोणी विचारला नाही, एक्सेल विचारलं. पुढचं शिकायचं असेल तर दारं बरी आहेत. आयआयटीच्या जॅमला, म्हणजे एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेला, गणित आणि अर्थशास्त्र असे दोन्ही पेपर आहेत, आणि मुंबईत गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, जिथे अर्थशास्त्राची एमएस्सी होते, ती गणित येणाऱ्याला बिचकत नाही. मी गोरेगावचं बघतेय.

पाचपैकी किती, असं धाकटा भाऊ विचारतो, त्याचा यंदा बारावीचा फॉर्म आहे. साडेतीन म्हटलं. सहाव्या सेमिस्टरचं टाइमटेबल काल लागलं. सकाळी सातचा तास आहेच, आणि आठला अ‍ॅनालिसिस, दुसऱ्या टोकाच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर.