आठ महिने वापरलेली स्पॉटिंग दुर्बीण आणि तिचा मान टाकणारा स्टँड

मार्चमध्ये पेटी उघडल्या उघडल्या पाच तारे देऊन मोकळा झालो होतो. घाई झाली.

एका डोळ्याने बघायची, स्टँडवरची ही दुर्बीण; २०-६० पट, ८० मिमी वगैरे उगाळत बसत नाही. साडेसहाशे डॉलर मोजले ते कॅलिफोर्नियाच्या कॉन्डॉरसाठी. १९८२ मध्ये हे गिधाड जगात अवघं २२ उरलं होतं. आता पिनॅकल्स राष्ट्रीय उद्यानाच्या सुळक्यांवर आणि हायवे २५ लगतच्या गुरांच्या कुरणांवर घिरट्या घालताना दिसतं. कुरणं खासगी, त्यामुळे कुंपणाबाहेर रस्त्याकडेला उभं राहूनच बघायचं.

खोट एकच, सोबत आलेल्या स्टँडची. स्क्रू कितीही आवळा, दुर्बीण हळूच नाक खाली घालते, नंदीबैलाने होकार द्यावा तशी. जूनमध्ये सकाळी एक कॉन्डॉर वाळक्या झाडावर पंख उन्हात पसरून बसला होता. पंखावर नंबराचा टॅग असतो. तो वाचता आला की पक्षी नर की मादी, कधी जन्मला, सगळं शोधता येतं. पहिला आकडा वाचला, दुसऱ्याच्या जागी काटेरी तार आणि गाईची शेपटी!

कंपनीला तीन मेल केले. उत्तर आलं की इतकी हालचाल चालते, हवं तर परत पाठवा, खर्च तुमचा. ४२ डॉलर! शेवटी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून सांध्यात दाबून बसवली. ऑगस्टपासून मान ताठ आहे.

काचेबद्दलचे शब्द मात्र मागे घेतो. अकरानंतर ६० पटीवर चित्र पाण्याखाली असल्यासारखं हलतं म्हणून मी नंतर काचेला नावं ठेवली होती. दोष तापलेल्या हवेचा. त्याच वर चढणाऱ्या हवेवर तर कॉन्डॉर उंची घेतो! तेव्हा दुर्बीण सकाळी, बसलेल्या पक्ष्यासाठी.

उडत्यासाठी गळ्यातली जुनी, दोन डोळ्यांची आठ पटीची दुर्बीणच बरी. कॉन्डॉरचे पंख पसरले की साडेनऊ फूट, फळीसारखे सपाट. टर्की व्हल्चर हे इथलं दुसरं गिधाड मात्र पंख इंग्रजी व्हीसारखे उचलून डुगडुगत जातं. कॉन्डॉरच्या पंखांखाली पांढरा त्रिकोण दिसला तर पक्षी प्रौढ. सुळक्यांवरून निघून ते उन्हाच्या उतारावर गोल गोल चढतात आणि तिथून पुढच्या डोंगरधारेपर्यंत घसरत जातात. एकाने वीस मिनिटांत एकदाही पंख मारला नाही. दिवसाला दीडशे मैलही कापणारा पक्षी, त्यातले माझ्या वहीत जेमतेम चार मैल.

एका कुरणाच्या मालकाने गाडी थांबवून सांगितलं की तो आता बंदुकीत तांब्याच्याच गोळ्या वापरतो. मेलेल्या जनावरात राहिलेले शिशाचे कण खाऊन कॉन्डॉर मरतात, आपल्याकडे गिधाडं गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने गेली तशी. शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर इथे २०१९ पासून पूर्ण बंदी आहे.

आता साडेतीन तारे. स्टँडशिवाय मिळत असेल तर नुसती दुर्बीण घ्या. स्टँड गळ्यात पडलाच, तर ट्यूबची बोटभर रुंद पट्टी पुरते. त्याहून जाड घातली तर मान वळतच नाही.