शेवटची एसटी की पहिली एसटी: नागपूरचा पिक्चर आणि मंडईचे नाटक

दिवाळी झाली, हलके धान चुरून घरी आले आणि धाकट्या जावेने विषय काढला. लग्नानंतरची पहिली मंडई, म्हणजे दिवाळीनंतर आमच्याकडे भरणारी गावची जत्रा, हातात चार पैसे, नवऱ्याला दोन दिवस सुटी. नागपूरला जाऊन पिक्चर पाहायचा आणि हॉटेलात जेवायचे, की शेजारच्या गावच्या मंडईत रात्रभर नाटक? मी दोन्ही बऱ्याचदा केले आहे, म्हणून मला विचारले. तिला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की तिकिटाचा भाव मागून पाहू, परत कसे येणार ते आधी सांग.

नागभीड-ब्रह्मपुरीच्या मधल्या आमच्या गावाहून नागपूर शंभर किलोमीटरच्या वर. भिवापूर, उमरेड करत एसटी तीन तास घेते. सासूबाई तरुणपणी नागभीडहून छोट्या रेल्वेगाडीने जायच्या. रूळ मोठे करायचे म्हणून ती २०१९ मध्ये बंद झाली. आता सारी भिस्त एसटीवर. भाड्यात मात्र आपली सोय आहे. १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धे तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर त्याच्याही आधीपासून फुकट. जानेवारी २०२५ मध्ये भाडे जवळपास १५ टक्क्यांनी वाढले, तरी आपल्याला अर्धेच पडते. तुझे जाणे तुझ्या नवऱ्यापेक्षा स्वस्त, हे जावेला मुद्दाम ऐकवले.

खरी अडचण येण्याची. संध्याकाळी साडेसहाचा शो धरला तर बाहेर पडायला साडेनऊ, जेवण उरकायला अकरा. तोवर मेट्रो बंद झालेली असते आणि स्थानकावर आपल्या बाजूची गाडी मिळेल याचा भरवसा नाही. स्वतःची मोटारसायकल असेल तर आणखी वाईट. उमरेडच्या पुढे जंगलपट्टा लागतो, थंडीत अंगात काटा येतो आणि समोरून रानडुक्कर कधी आडवे येईल सांगता येत नाही. वाघाचे तर ब्रह्मपुरीकडच्या माणसाला वेगळे सांगायला नको. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: मुक्कामाला नणंद, मावशी किंवा लॉज ठरलेला नसेल तर नागपूरला ‘संध्याकाळ’ घालवायच्या भानगडीत पडूच नका. दुपारी बाराचा शो पाहा, चारला जेवा, उजेडात नाही तर दिवेलागणीला तरी गाडीत बसा. त्यात शहराची रात्र पाहायला मिळत नाही हे खरे. सीताबर्डीवरचे दिवे, गर्दी, ते सगळे हुकते.

आता पैसे. मागच्या वेळी आम्ही चौघे गेलो तेव्हा तिकीट २२० रुपयांचे होते. शंभराच्या वरच्या सिनेमा तिकिटावर १८ टक्के जीएसटी असतो, म्हणजे २२० मधले तेहतीस-चौतीस रुपये सरकारचे. मोबाइलवरून काढले तर वरून बुकिंगचे वेगळे. मध्यंतरात पॉपकॉर्नचा भाव पाहून आमच्या घरचे म्हणाले, एवढ्यात अर्धी पायली मका पेरून होईल. घरचे डबे आत नेऊ देत नाहीत आणि तो त्यांचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले. पण त्याच वेळी पिण्याचे पाणी फुकट द्यावे लागेल आणि तान्ह्या लेकराचे खाणे अडवता येणार नाही, हेही सांगितले. तेव्हा पाण्याची बाटली विकत घेऊ नका, नळ कुठे आहे ते विचारा. लाजायचे काही कारण नाही.

जेवणाचे दोन रस्ते. मॉलमध्येच वर जाऊन पनीरची भाजी आणि नान खायचे, की बाहेर पडून सावजी गाठायचे. माझी शिफारस डोळे झाकून सावजी. पनीर आता आपल्या तालुक्याच्या ढाब्यावरही मिळते. सावजीचा काळपट मसाला, वर तरंगणारी तर्री, सोबत भाकर आणि न खाणाऱ्याला पाटवडी, हे नागपूरनेच करावे. हलबा कोष्ट्यांच्या, म्हणजे विणकरांच्या घरातले हे जेवण, त्याचा ठसका मॉलमध्ये नाही. फक्त लेकरांसाठी दही आधी मागवून ठेवा आणि ‘फॅमिली’ची वेगळी बसायची जागा आहे का ते दारातच विचारा.

मॉलमधल्या एका हॉटेलात आमच्या बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ म्हणून दहा टक्के लावून आले होते. आम्ही मुकाट्याने दिले. नंतर कळले की तो द्यायची सक्ती नाही. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणाने तसे सांगितले होते आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तेच उचलून धरले. जीएसटी द्यावाच लागतो, हा काढायला सांगता येतो. आमचे पैसे गेले, तुमचे वाचवा.

एवढे सगळे असूनही नागपूरच्या बाजूने एक गोष्ट अशी आहे की तिच्यापुढे हिशेब थंड पडतो. तिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही. नव्या नवरानवरीला तीन तास अंधारात शेजारी बसता येते, हातात हात घेता येतो, आणि मागून कोणी “अमक्याची सून ना?” म्हणत नाही. मी जावेला हे सांगितले तेव्हा ती काही बोलली नाही, पण ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत बसली.

तालुक्याच्या टॉकीजचा पर्याय तिने विचारला. तिथे आता लग्ने लागतात.

मंडईत नागपूरच्या बरोबर उलटे. भाऊबीजेपासून गावोगावी मंडया सुरू होतात. लेकी-जावई, सोयरे, सगळे त्या दिवशी येतात. सोयरिकीही तिथेच जुळतात. आठ दिवस आधीपासून ऑटोवर भोंगा फिरतो, कलाकारांच्या फोटोंची पत्रके वाटतात. नाटक कंपनी बहुतेक गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाची असते. झाडीपट्टीचे, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या जंगलभागाचे हे नाटक पाहायला लोक आधी बैलबंडीने यायचे, दिवसा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत आणि रात्री नाटक. पट २०१४ मध्ये न्यायालयाने बंद केले, २०२१ च्या शेवटी पुन्हा परवानगी मिळाली. पटाच्या बंदीने नाटक मात्र थांबले नाही. या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या गावात फटाके फुटले होते.

पडदा उघडायला दहा-साडेदहा होतात आणि संपायला पहाट. दूरचा माणूस रात्री कुठे जाईल, म्हणून नाटक रात्रभर चालते असे जुने लोक सांगतात. म्हणजे ज्या परतीने नागपूरची मजा घालवली, ती इथे आधीच सोडवलेली आहे. उजाडले की पहिली एसटी.

जेवण घरचे किंवा सोयऱ्याकडचे: कोंबडीचा रस्सा, भात, आणि नाही म्हटले तरी पुन्हा भात. तिकीट आमच्याकडे खुर्चीला शंभर, खाली चटईवर बसायला त्याच्या अर्धे. नाटकाच्या तिकिटावर ५०० रुपयांपर्यंत जीएसटी लागत नाही, तेव्हा जे छापले तेवढेच. आलूबोंडा बाहेर ठेल्यावर मिळतो आणि आत न्यायला कोणी अडवत नाही.

एकदा पुढच्या रांगेत बसले होते. वरून तारेला माइक टांगलेले असतात. रडायचा प्रसंग होता, आई लेकाला घराबाहेर काढते असा. लेकाचे काम करणारा रडत रडत दोन पावले सरकला, नेमका माइकखाली आला आणि तिथेच त्याने हंबरडा फोडला. माझ्या बाजूच्या म्हातारीने पदर डोळ्याला लावला, माझ्याही डोळ्यात पाणी. पाचव्या मिनिटाला विनोदी नट आला आणि आमच्याच सरपंचाच्या विहिरीच्या बिलावरून बोलू लागला. सरपंच खुर्चीवर होते, त्यांना हसावेच लागले. पिक्चरमध्ये हे होणे नाही.

पण त्याचे दोष झाकत नाही. मधली गाणी-नाच लांबत जातात, काही विनोद सासऱ्यासमोर ऐकवत नाहीत. दोननंतर दव पडते, शामियान्याचे कापड ओले होऊन थेंब मानेवर येतात. घोंगडे नसेल तर दुसऱ्या दिवशी सर्दी ठरलेली. गुडघे दुखणाऱ्याने पन्नास रुपये वाचवायला चटईवर बसू नये. आणि बायांच्या मोरीची सोय बहुतेक ठिकाणी नावापुरती असते, हे आयोजक कधी ऐकणार कोण जाणे. मल्टिप्लेक्समध्ये निदान तेवढे स्वच्छ असते, त्या तिकिटातले अर्धे मी त्यासाठीच देते असे समजा.

तर जावेला मी सांगितले: दोघेच असाल तर नागपूर, दुपारचा शो, सावजी आणि शक्य झाल्यास माझ्या नणंदेकडे मुक्काम. मंडईच्या रात्री मात्र घरच्या सगळ्यांसोबत नाटकाला ये, कारण पहिल्या वर्षी नवी सून दिसली नाही तर पुढचे वर्षभर तेच ऐकावे लागेल. नागपूर माघातही असते. लेकरे आणि म्हातारे सोबत असतील तर विचारच करू नका, नाटक.

सासूबाई हे सगळे ऐकत चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांना विचारले, तुम्ही येता का नागपूरला, तुमचे तर तिकीट फुकट. म्हणाल्या, “फुकट जाऊन थंड्या खोलीत बसाचं, न बोलता? मले घोंगडं काढून ठेव, बाई.”