रेबेका मार्डर: आधी कोणता चित्रपट बघाल?

फ्रेंच अभिनेत्री रेबेका मार्डरचं काम पहिल्यांदाच बघणार असाल आणि हाताशी एकच संध्याकाळ असेल, तर माझ्या मते निवड दोन चित्रपटांतून करावी: 'अ रेडियंट गर्ल' किंवा 'द क्राइम इज माइन'.

मार्डर मुळात रंगभूमीची. 1995 चा जन्म, आणि 2015 मध्ये विशीतच ती पॅरिसच्या कोमेदी-फ्रान्सेझमध्ये दाखल झाली. 1680 पासून चालू असलेली ही नाटक मंडळी. इथे एकाच आठवड्यात आलटून पालटून वेगवेगळी नाटकं लागतात, त्यामुळे नटाला कायम चार-पाच भूमिका तोंडपाठ ठेवाव्या लागतात. 2022 मध्ये ती तिथून बाहेर पडली.

सांद्रिन किबर्लेन यांनी दिग्दर्शित केलेला 'अ रेडियंट गर्ल' त्या मंडळीत असतानाचाच. 1942 चा पॅरिस, जर्मनांचा अंमल. आयरीन ही 19 वर्षांची ज्यू मुलगी नाट्यशाळेच्या प्रवेश परीक्षेसाठी अठराव्या शतकातला फ्रेंच नाटककार मारिवो याच्या नाटकातला प्रवेश बसवतेय. पडद्यावर जर्मन सैनिक जवळजवळ दिसतच नाहीत. भीती दिसते ती आयरीनच्या वडिलांच्या चेहऱ्यावर आणि तिच्या शरीरात. तोंडाने ती अखंड बोलते, हसते, प्रेमात पडते. मधूनच तिला भोवळ येते आणि ती कोसळते. मनाने जे कबूल केलेलं नाही, ते अंगाला कळलेलं असतं. तालमीतला तिचा मोकळा आवाज ऐकताना माझ्या घशात आवंढा आला, कारण वर्ष कोणतं आहे हे आपल्याला माहीत असतं.

फ्रान्स्वा ओझों यांचा 'द क्राइम इज माइन' अगदी दुसऱ्या टोकाचा. 1934 च्या नाटकावर बेतलेला, 1930 च्या दशकातल्या पॅरिसमधला खुसखुशीत खटला. नटीच्या भूमिकेत नादिया तेरेश्किएविच, या नटीवर खुनाचा आरोप. मार्डर तिची वकील मैत्रीण पोलीन. दोघींचं भाडं थकलेलं. संवादांची फेक झपाझप, आणि तिथे मार्डरची रंगभूमीवरची सवय कामी येते. पण मला जास्त आवडलं ते तिचं ऐकणं: मैत्रीण बोलत असताना पोलीन जी बघते, त्या नजरेत न बोललेलं बरंच काही आहे. मात्र उत्तरार्धात ज्येष्ठ अभिनेत्री इझाबेल युपेर येतात आणि लक्ष तिकडे जातं. चित्रपट मार्डरचा एकटीचा राहत नाही.

फ्रेंच राजकारणी सिमोन व्हेल यांच्यावरचा, मार्डरने तरुणपणीची सिमोन साकारलेला 'सिमोन' फ्रान्समध्ये 20 लाखांहून अधिक लोकांनी थिएटरात पाहिला. पण तिथे भूमिका एल्सा झिल्बरश्टाइन यांच्यासोबत वाटलेली आहे, म्हणून तो नंतर.

घरच्यांसोबत, हसतखेळत बघायचं असेल तर ओझों. अभिनेत्री म्हणून तिला समजून घ्यायचं असेल तर आधी 'अ रेडियंट गर्ल'. याच भूमिकेसाठी 2023 च्या सेझार या फ्रेंच चित्रपट पुरस्कारांमध्ये तिला नवोदित अभिनेत्रीचं नामांकन होतं. पुरस्कार मिळाला तेरेश्किएविचला. आणि हो, शेवटचे प्रसंग सुरू झाले की फोन लांब ठेवा. तो चित्रपट अचानक संपतो.