तळलेला चा यो की ताजा गोय कुओन? तब्येतीच्या हिशेबाने बघू

व्हिएतनामचं तिकीट काढलं की ग्रुपमध्ये कोणीतरी विचारतंच, डाएट चालू आहे, मग तिथे स्प्रिंग रोल खायचा की नाही, आणि खायचाच तर तळलेला का ताजा. सगळे "ताजा खा" म्हणून मोकळे होतात. पण ते तितकं सरळ नाहीये.

तळलेल्याला दक्षिणेत, म्हणजे सायगावकडे, चा यो म्हणतात आणि हनोईकडे नेम रान. आत डुकराचा खिमा, कोळंबी नाहीतर खेकडा, पारदर्शक शेवया, बारीक चिरलेले काळे मश्रूम, गाजर, कांदा, अंडं. ताजा म्हणजे गोय कुओन, तो तळत नाहीत, ओल्या केलेल्या राइस पेपरात, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या पातळ चकतीत, उकडलेली कोळंबी, मांसाचे पातळ काप, तांदळाच्या शेवया, लेट्यूस आणि पुदिना गुंडाळायचा की झालं.

आता कॅलरी. राइस पेपरचा एक मोठा कागद साधारण 10 ग्रॅमचा, म्हणजे तीस-पस्तीस कॅलरी, आणि तो दोन्हीकडे तोच. चा योमध्ये खिमा थोडा चरबीचा असतो आणि वर तेल. एका रोलने एक छोटा चमचा तेल जरी प्यायलं तरी चाळीसेक कॅलरी वाढतात, कारण 1 ग्रॅम फॅटच्या 9. सगळं धरून एका मध्यम चा योच्या सव्वाशे-दीडशे आणि गोय कुओनच्या शंभर-सव्वाशे, असा माझा अंदाज. म्हणजे नगाला नग बघितलं तर फरक काही फार नाही हो! खरा घोळ संख्येत आहे. गोय कुओन दोन खाल्ले की पोट भरतं, इतका पाला आणि पाणी असतं त्यात, आणि चा यो मात्र कुरकुरीत, गरमागरम, बोलता बोलता पाच-सहा कधी संपले कळतसुद्धा नाही.

तेलाचं मुख्यतः तळणाऱ्याच्या हातात. राइस पेपर म्हणजे आपल्या तांदळाच्या पापडासारखाच, तेल नीट तापलेलं नसेल तर तो तेल पीत बसतो, शिवाय ओले रोल कढईत एकमेकांना चिकटतात आणि फाटतात. चांगल्या ठिकाणी आधी मंद आचेवर आणि मग वाढायच्या आधी मोठ्या आचेवर असं दोनदा तळतात. मी तर रोल टिश्यूवर ठेवून बघते, डाग पसरतच गेला तर दुसरा मागवत नाही. आणि तिकडे तो नुसता खात नाहीत, लेट्यूसच्या पानात पुदिन्याबरोबर गुंडाळून सॉसमध्ये बुडवून खातात. ताटात आलेला तो पाला शोभेचा नाही, तो खाल्ला तर रोल आपोआप कमी जातात.

आता सॉस, ज्याकडे कोणी बघत नाही. चा योबरोबर नुओक चाम येतो, म्हणजे फिश सॉस, लिंबू, साखर, पाणी, लसूण, मिरची. नुसत्या फिश सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण 1400 मिलिग्रॅम सोडियम असतं आणि WHO म्हणते दिवसभरात 2000 च्या आत राहा. पाण्याने पातळ केलेला असतो म्हणून ठीक, पण बीपीवाल्यांनी वाटी संपवायची नाही, टोक बुडवायचं आणि बस. गोय कुओनबरोबर बऱ्याचदा होइसिन (सोयाबीनचा गोड-खारट चायनीज सॉस) आणि शेंगदाण्याचा गोडसर घट्ट सॉस देतात, त्याच्या दोन मोठ्या चमच्यांतच नव्वदेक कॅलरी जातात. म्हणजे तेल वाचवलं आणि सॉसमध्ये घालवलं! वजन कमी करायचं असेल तर ताजा रोल, पण सॉस वेगळ्या वाटीत आणि मोजून.

शुगरवाल्यांना दोन्हीकडे एकच अडचण, राइस पेपर आणि शेवया मिळून बऱ्यापैकी स्टार्च. चा योखाली 'बुन' म्हणजे तांदळाच्या शेवयांचा मोठा वाडगा आला की खरं जेवण तेच होतं, त्या अर्ध्या बाजूला काढा.

प्रवासात पोट लगेच बिघडत असेल तर मी उलटा सल्ला देईन. गोय कुओनमधला पाला कच्चा, कुठल्या पाण्याने धुतलाय देव जाणे, आणि बांधून ठेवलेला रोल गरमीत पडून असतो. कढईतून नुकता निघालेला चा यो त्या मानाने भरवशाचा, फक्त मग पाला सोडावा लागतो. दोन्हीत कोळंबी असू शकते, म्हणून तिची ॲलर्जी असेल तर दोन्ही सोडा. शेंगदाण्याची असेल तर गोय कुओनचा सॉस आधी विचारा. गहू चालत नसेल तरी होइसिन जपून, त्यात बऱ्याचदा गहू असतो, आणि बाहेरच्या देशांत चा योला राइस पेपरऐवजी मैद्याची पारी सर्रास वापरतात, ती तळून गुळगुळीत तांबूस होते, राइस पेपरवर मात्र बारीक फोड येतात, नुसतं बघून कळतं.

आणि शाकाहारी लोकांनो, पाटीवर 'चाय' (म्हणजे शाकाहारी, आपला चहा नव्हे) लिहिलेली हॉटेलं शोधा, तिथे टोफू, मश्रूमचे तळलेले रोल मिळतात, चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तर बरेच बौद्ध लोक स्वतःच शाकाहारी जेवतात. बाकी ठिकाणी भाज्यांचा रोल मागितला तरी सोबत फिश सॉसची वाटी येतेच, ती परत पाठवून सोया सॉस मागवा, 'नुओक तुओंग' म्हणायचं.